पाणी कोठें दिसतें आणि कोठून येतें

जुन्या शिडाच्या होडीच्या तळाशीं पाणी सांचलेलें दिसलें म्हणजे अननुभवी मनुष्य जेथें पाणी दिसतें तेथेंच भोंक शोधूं लागतो, व बहुधा त्याला तेथें कांहींच सांपडत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा समुद्राशीं संबंध आलेला नसेल. परंतु ज्यांनीं धाब्याच्या घरांत पावसाळे काढिले आहेत त्यांस ही गोष्ट निराळी समजावून सांगणें नको. थेंब चुलीवर पडतो, आणि वरची माती खचलेली असते ती भिंतीकडील कोपऱ्यांत; मधली वाट पाणी तुळईच्या अंगानें मुकाट्यानें चालून येतें. होडींतही तसेंच. नाळेकडील फटींतून शिरलेलें पाणी फळ्यांच्या आंतल्या अंगानें ओघळत सर्वांत सखल जागीं येऊन थांबतें, आणि नांव त्या जागेचें निघतें.

हा प्रश्न केवळ सुताराचा नाहीं. मंडळींत एखादा दोष उघडकीस येतो तेव्हां तो ज्याच्या ठायीं दिसला त्याचाच समजावा काय, हा प्रश्न आमच्या पंचांपुढें व उपदेशकांपुढें वारंवार येतो. त्याचा निवाडा करण्यापूर्वीं त्यांनीं आमच्याबरोबर घटकाभर किनाऱ्यावर यावें.

हल्लीं कोंकणांत होड्यांना यंत्रें बसविलेलीं असतात, फायबरच्या होड्याही पुष्कळ झाल्या आहेत. तरी लांकडी होडीची रीत जुनीच आहे. पावसाळ्यांत ती वर ओढून ठेवितात. कोरड्यांत फार दिवस राहिली म्हणजे फळ्या आकसतात व सांधे उघडतात. पुन्हां पाण्यांत पडली म्हणजे फळ्या फुगून पुष्कळ सांधे आपोआप मिटतात. म्हणून पहिल्या दिवसाच्या पाण्यानें जाणता तांडेल घाबरत नाहीं. दोनचार दिवसांनींही पाणी येतच राहिलें तर मात्र तो शोधास लागतो. तळ उपसून फडक्यानें कोरडा करावयाचा, आंतल्या अंगास खडूची भुकटी किंवा कोरडें पीठ भुरभुरावयाचें, आणि वाट पाहावयाची. भुकटींत ओलाव्याची रेघ उमटते. ती खालून वर, पाण्याच्या उलट दिशेनें, पाहत जावयाचें. कांहीं सांधे होडी नांगरावर उभी असतां घट्ट असतात. शीड भरून डोलकाठीचा ताण तळावर आला म्हणजेच, तेही एका कुशीवर कलल्यावर, उघडतात. असे सांधे स्वस्थपणाच्या दिवशीं कितीही पाहिले तरी निर्दोष दिसतात.

आणखी एक परीक्षा आहे, ती आम्हांस सर्वांत विचार करण्याजोगी वाटते. सांचलेलें पाणी जिभेस लावून पाहावयाचें. होडी उभी असतां तें खारट लागलें तर समुद्राचें; गोडें लागलें तर वरून झिरपलेलें पावसाचें. गोडें आहे म्हणून कोणी निश्चिंत होईल तर तो फसेल. लांकूड कुजविणारी बुरशी खाऱ्या पाण्यांत सहसा वाढत नाहीं; वारा न लागणाऱ्या कोपऱ्यांत गोडें पाणी मुरलें म्हणजे ती वाढते. (खाऱ्या पाण्याचा शत्रु निराळा: शिंपल्यांच्या जातीचा एक किडा टांचणीच्या टोंकाएवढ्या छिद्रांतून लांकडांत शिरतो व आंत वाढत राहतो, वरून पाहणाऱ्यास कांहीं कळत नाहीं.) समुद्राची लाट आंत आली कीं सर्व ओरडतात, पावसाचें पाणी वर्षानुवर्षें झिरपतें, त्याची कोणी दखल घेत नाहीं.

आतां एक उदाहरण घेऊं. तें कोणा एकाचें नव्हे, पुष्कळ गांवांचें आहे. एक तरुण बाजाराच्या दिवशीं दारू पिऊन पडलेला आढळला. पंच जमले, त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेविलें, आणि मंडळी शुद्ध झाली असें मानून सर्व घरीं गेले. भुकटीवरील रेघ कोणीं पाहिली नाहीं. ती पाहिली असती तर कळतें कीं, तो पिऊं लागला तो सावकाराचा तगादा सुरू झाल्यावर. कर्ज झालें तें लग्नांत. आणि लग्नांत खर्च झाला तो जेवणावळीचा, कारण दोन पंक्ती कमी उठल्या असत्या तर मंडळींत नांवें ठेविलीं गेलीं असतीं. त्या पंक्तींस पंचही होते. पाणी वरून आलें होतें, आणि गोडें होतें.

मग तो तरुण निर्दोष काय? असें आम्ही म्हणत नाहीं. पाणी कोठूनही येवो, जी फळी त्यांत भिजत राहते ती कुजते, आणि ती सुकविल्यावांचून गत्यंतर नाहीं; त्यानें पश्चात्ताप केलाच पाहिजे, व तो दुसऱ्या कोणीं त्याच्यासाठीं करितां येत नाहीं. परंतु वरचा सांधा बुजविणें त्याच्या हातीं नाहीं. तें ज्यांच्या हातीं आहे त्यांनीं केवळ खालची फळी बदलली तर नवी फळीही त्याच वाटेनें जाईल. यहोशवाच्या ७ व्या अध्यायांत पराजय आय येथें दिसला आणि कारण आखानाच्या डेऱ्यांत पुरलेलें होतें. शोध वंश, कूळ, घराणें या क्रमानें चालला तेव्हां तें निघालें. उलट, जन्मांधाविषयीं शिष्यांनीं पाप कोणाचें म्हणून विचारिलें तेव्हां प्रभूनें त्याचेंही नव्हे व त्याच्या आईबापांचेंही नव्हे असें सांगितलें. तेव्हां प्रत्येक ओलाव्यामागें अपराधी असलाच पाहिजे असें नाहीं. होडी गळते ती पुष्कळदां फळीमुळें नव्हे, तर दोन चांगल्या फळ्यांमधील सांध्यामुळें. मुंबईस सागवानाची बांधून १८१७ सालीं पाण्यांत सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. पण इतक्या उत्तम लांकडासही सांधे भरणारे हात लागतातच.

सांधे भरण्यांतही विवेक लागतो. कापूस बाहेरूनच ठासावा लागतो, म्हणजे पाण्याचा दाब त्यास आणखी घट्ट बसवितो. आंतून बुजविलें तर पाणी फळींतच कोंडतें. आणि कोरड्या फळ्यांमध्यें फार जोरानें ठासलें तर त्या फुगल्यावर खिळे उपटतात, कधीं बांकही मोडतात. कडक शिस्तीचे भोक्ते असलेल्या आमच्या पंचांनीं हें विसरूं नये.

इंग्लंडचें ‘रॉयल जॉर्ज’ हें मोठें गलबत २९ ऑगस्ट १७८२ रोजीं स्पिटहेड येथें उभें होतें. पाण्याच्या पातळीखालील एका नळाची दुरुस्ती करावयाची म्हणून तें मुद्दाम एका कुशीवर कलविलें. तोफांच्या खालच्या खिडक्या उघड्या होत्या. गलबत बुडालें व त्याबरोबर आठशेंहून अधिक माणसें गेलीं. त्यांत भेटीस आलेल्या बायकामुलांचाही समावेश होता. न्यायसभेनें अधिकारी व खलाशी यांस दोषमुक्त करून कारण कुजलेल्या लांकडांवर घातलें. पुढें पुष्कळांनीं हें मान्य केलें नाहीं. खालून पाणी भरूं लागलें तेव्हां गलबत वेळींच सरळ केलें नाहीं, असें त्यांचें म्हणणें. लांकडें खरोखर कुजलीं असतीलही. परंतु लांकडास दोष दिला म्हणजे कोणासच पश्चात्ताप करावा लागत नाहीं, ही सोय त्या निकालांत होती. आमच्या सभांतही ‘काळ वाईट आला’ असें म्हणून विषय मिटविला जातो तेव्हां तीच सोय असते.

यहेज्केलाच्या २७ व्या अध्यायांत सोर नगर एका सुंदर गलबताच्या रूपानें वर्णिलें आहे: लबानोनाच्या गंधसरूची डोलकाठी, बाशानाच्या अल्लोन वृक्षाचीं वल्हीं, मिसरी तागाचें शीड. वल्हविणारे सीदोनाचे व अर्वादाचे होते. परंतु फटी बुजविण्याचें काम गबालच्या वडिलांकडे व तेथील शहाण्यांकडे होतें. ज्यास आपण हलकें काम समजतों तें तेथें पिकल्या केसांच्या माणसांस दिलेलें आहे. वल्हविण्यास बळ पुरतें. सांधा शोधण्यास वाकून, अंधारांत, कोणी पाहत नसतां, आपल्याच होडीचें पाणी जिभेस लावावें लागतें.

जुनी होडी पूर्ण कोरडी अशी कधीं होत नाहीं. चांगला तांडेल सकाळीं तळांत हात घालतो आणि किती बादल्या निघाल्या तें लक्षांत ठेवितो. काल दोन निघाल्या व आज चार, तर तो जाळें बाजूस ठेवून प्रथम भुकटी मागवितो.