परिषदेचे मीठ

वैद्यकीय परिषदेचा खर्च कोणी करावा, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा दिसतो. आम्हांस तो नीतीचा वाटतो. भोरसारख्या तालुक्याच्या गावी डॉक्टरांच्या संघटनेने एक दिवसाची परिषद भरवावयाची ठरविली, तर सभागृह, जेवण, व्याख्यात्यांचे येणेजाणे, सारे पाहावे लागते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. तेव्हा अशी परिषद केवळ हौस नव्हे. अशा वेळी एखादी औषध कंपनी 'जेवणाचे आम्ही पाहतो' म्हणते, आणि चिटणीसांच्या डोक्यावरील ओझे उतरते.

या बाबतीत नियमांनी घेतलेली वळणे पाहण्याजोगी आहेत. डॉक्टरांनी व त्यांच्या संघटनांनी कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास व पाहुणचार स्वीकारू नये, असे २००२ च्या आचारनियमांत डिसेंबर २००९ मध्ये घातले गेले. २०१६ मध्ये त्यातून संघटनांचा उल्लेख गाळण्यात आला. कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणकार्यक्रमांस जाण्याचीही मनाई करणारे नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आले, आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. मार्च २०२४ ची औषध कंपन्यांची संहिता परिषदेस साहाय्य करू देते. मात्र परिषद परदेशी नको, व्याख्यात्यांवाचून कोणास प्रवासखर्च नको, आणि झालेला खर्च कंपनीने जाहीर करावा, असे बजावते.

तेव्हा जे एकट्याने घेणे अनुचित, ते शंभरांनी मिळून घेतल्यास उचित होते काय? संघटनेस दिलेल्या पैशाने कोणा एकावर उपकार होत नाही, असे समर्थक म्हणतात. यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. परंतु वाटून खाल्ल्याने मीठ अळणी होत नाही. शिवाय ते मीठ कोणाचे? कंपनी काही पदरचे घालीत नाही. अशा भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत मिसळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, तो खर्च प्राप्तिकरातून वजा करू देण्याचे नाकारताना, नमूद केले आहे. म्हणजे वेल्हे (आता राजगड) तालुक्यातील एखाद्या डोंगरवाडीचा रोगी गोळ्यांची पट्टी विकत घेतो, त्यातूनच ते जेवण निघते. मीठ रोग्याचे आणि जागावयाचे कंपनीला, हा व्यवहार आम्हांस उलटा दिसतो.

कंपन्या नसतील तर ज्ञान खेड्यापर्यंत पोहोचेल कसे, अशी शंका कित्येक प्रामाणिक डॉक्टरांस येते. तिचे उत्तर भोरहून वरंध घाट उतरताच सापडते. लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत असता, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यावर उपयोगी पडते, हे दाखविले. त्यांचे हे काम 'लॅन्सेट'ने छापले. या मुलखाला इतके उपयोगी ज्ञान कोणा विक्रेत्याच्या मंडपात मिळाले नसते, कारण त्यात विकण्याजोगे फारसे काही नव्हते. आणि याच गृहस्थांनी २०१३ मध्ये, रोगी पाठविल्याबद्दल एका तपासणी केंद्राकडून आलेला १२०० रुपयांचा धनादेश परत करून मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. रक्कम किती लहान, हे मनात येतेच. पण मिंधेपणा रकमेने मोजावयाचा नसतो.

कंपनीचा पैसा कोणते विषय व्याख्यानास येऊ देतो आणि कोणते वगळतो, हे कोणत्याही जाहीर हिशेबात लिहिलेले नसते. नियमांची तेथे पोच नाही. नव्या मधुमेहाच्या गोळीवर तीन व्याख्याने होतील. भातखाचरातील सर्पदंशावर एकही होणार नाही. आणि नियम मोडला असे कोणासही म्हणता येणार नाही.

अडचण एवढीच की, वेल्ह्याच्या डॉक्टरास दवाखाना बंद ठेवून यावे लागते. त्या दिवसाची मिळकत बुडते आणि वर वर्गणी. ही तक्रार खोटी नाही. म्हणून वर्गणी सर्वांस सारखी नसावी, शहरातील विशेषज्ञांनी अधिक भार उचलावा, आणि पंचतारांकित थाट मुळातच गाळावा, असे आम्ही सुचवितो. पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय भोरहून काही फार दूर नाही. तेथील अध्यापकास बोलावून त्यांचे प्रवासभाडे आणि दुपारची पिठले-भाकरी आपल्या वर्गणीतून देणे तालुक्याच्या डॉक्टरांस झेपणार नाही, असे आम्हांस वाटत नाही.