शीतनिद्रा आणि साक्षी
वेदान्तात सुषुप्ती, म्हणजे स्वप्नरहित गाढ झोप, ही साक्षीच्या, म्हणजे सर्व अवस्था पाहणाऱ्या चैतन्याच्या, सिद्धीसाठी पुढे केली जाते, कारण जागा झालेला माणूस सुखाने झोपल्याचे स्मरणाने सांगतो. ब्रिटनमधील हेजहॉग हा साळिंदराशी नाते नसलेला छोटा काटेरी प्राणी मात्र काहीच सांगत नाही. काटेरी झुडपाखाली वा लाकडांच्या ढिगात तो कोरडी पाने तोंडाने आणून रचतो, आत गोल फिरून ती थरावर थर दाबतो आणि शीतनिद्रेत जातो. तेव्हा मिनिटाला सुमारे १९० असणारे हृदयाचे ठोके २०पर्यंत उतरतात. तरी तो अधूनमधून जागा होतो, पुष्कळदा भर हिवाळ्यात घरटेही बदलतो. स्मरणाच्या युक्तीने त्याच्यातील साक्षी सिद्ध होत नाही, पण खंडितही होत नाही.