कॉम्प्युटर पाहिजे

२ मे १८९२च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक छोटी बातमी आहे. मथळा : ‘अ कॉम्प्युटर वॉन्टेड’. पहिल्यांदा वाचली तेव्हा हसूच आलं. पण इथे कॉम्प्युटर म्हणजे हिशेब करणारा माणूस. वॉशिंग्टनच्या नॉटिकल अल्मनॅक ऑफिसात जहाजांसाठी ग्रहताऱ्यांच्या स्थानांची कोष्टकं बनत, तिथे दोन जागा रिकाम्या होत्या. पगार वर्षाला एका जागेला १००० डॉलर, दुसरीला १४००. परीक्षा बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती आणि खगोलशास्त्राची. माझ्या कॅम्पस इंटरव्ह्यूपेक्षा नक्कीच अवघड.

आपल्याकडे राधानाथ सिकदारही पदाने कॉम्प्युटरच. १८३१मध्ये ते भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात लागले, पुढे मुख्य कॉम्प्युटर झाले. हिमालयातल्या सर्वांत उंच शिखराच्या उंचीचं गणित त्यांच्या हाताखालून गेलं. शिखराला नाव मात्र साहेबाचं. तरी ‘कॉम्प्युटर’ म्हटल्यावर तेव्हा कुणीतरी खुर्चीत बसलेलं डोळ्यांसमोर येत असणार. गंमत म्हणजे आपल्या ‘संगणक’मधला शेवटचा ‘क’ही लेखक-गायकातलाच, करणाऱ्याचा.

मग फेब्रुवारी १९४६. त्याच वर्तमानपत्रात एनिॲक या यंत्राची बातमी पहिल्या पानावर आली, आणि आता कॉम्प्युटर होतं ते यंत्र. त्याची जुळणी करून गणितं चालवणाऱ्या सहा बायकांचं त्याआधीचं पद होतं – कॉम्प्युटर! समारंभात कौतुक यंत्राचं आणि ते बांधणाऱ्या इंजिनिअरांचं झालं. या सहाजणींची ओळखही कुणी करून दिली नाही. नंतर शकुंतलादेवींबद्दल लिहिताना वर्तमानपत्रांना ‘ह्यूमन कॉम्प्युटर’ म्हणावं लागलं. जो शब्द मुळात माणसाचाच होता, त्याच्यामागे ‘मानवी’ जोडायची वेळ आली.

यात शब्दाचा दोष किती? मला आधी वाटायचं, काहीच नाही. माणसं दुर्लक्ष करतात, शब्द बिचारा काय करणार? आता तेवढी खात्री नाही.

आमच्या ऑफिसात माणसाला ‘रिसोर्स’ म्हणतात. प्रोजेक्टच्या शीटमध्ये मी ‘रिसोर्स ३’ आहे. यावर आम्ही चहाच्या टपरीवर भरपूर विनोद केलेत. पण गेल्या वर्षी बजेट कापलं गेलं, तेव्हा मीच मेल लिहिला : जूनपासून एक रिसोर्स रिलीज करता येईल. दोन मिनिटांत लिहून झाला. तो ‘रिसोर्स’ माझ्या शेजारी बसायचा, डब्यातली शेंगदाण्याची चटणी मला द्यायचा, आणि महिन्याभरापूर्वीच त्याने वाकडला भाड्याने फ्लॅट घेऊन आईला गावाहून आणलं होतं. ‘त्याला काढा’ असं मला लिहावं लागलं असतं, तर दोन मिनिटं पुरली नसती. कदाचित तरीही लिहिलंच असतं. बजेट खरंच नव्हतं. पण निदान आधी त्याच्याशी बोललो असतो.

कॉम्प्युटर हा शब्द माणसाकडून यंत्राकडे जायला अर्धं शतक तरी लागलं. आम्ही मात्र रोज सकाळी स्टँडअप मीटिंगमध्ये, कुठल्याही यंत्राची वाट न बघता, एकमेकांना आधीच सामानाच्या यादीत टाकतो.

तो जूनमध्ये गेला. त्याला निरोपाचा मेसेज लिहायला मला पाऊण तास लागला.