मयतीचा शेजार मांडवात यावा



आपल्या वस्तीत मयत झाली की कोणी पत्रिका छापीत नाही. निरोप पोहोचतो आणि रिसोड, मालेगाव, मंगरुळपीरकडचे सोयरेधायरे मिळेल त्या गाडीने येतात. शेजारची चूल त्या घरासाठी पेटते. तंटा असलेला भाऊही खांदा द्यायला येतो. त्रिशरण-पंचशील म्हणताना नोकरदार आणि मजूर एकाच पटांगणात बसतात. लग्नात मात्र तीच माणसे पाहुणी होतात. जेवून निघून जातात आणि कर्ज एकट्या बापाच्या माथ्यावर राहते. दुःखात आपण समाज असतो. मग आनंदात तो समाज कोठे जातो?

मरणाभोवती गोळा होण्याची आपली सवय जुनी आहे आणि तिची मुळे गुलामगिरीत आहेत. गावगाड्याने मरणाची कामे आपल्या पूर्वजांवर लादली होती. गावात कोणी मेले की परगावी सांगावा न्यायचा आपल्या आजोबाने, सरणाची लाकडे वाहायची त्याने, मेलेले ढोर ओढायचे तेही त्यानेच. मोबदला काय? प्रेतावरचे कापड आणि मेल्या ढोराचे मांस! ज्याचे जगणे दुसऱ्याच्या मरणाला बांधले, त्याने स्वतःच्या मुलाची वरात वाजतगाजत काढली तर गावाचे डोळे लाल होत. १९२७ साली महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचा आदेश दिला. तो केवळ खाण्यापिण्याचा प्रश्न नव्हता. मरणाशी बांधलेली ती दोरी तोडायची होती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ती दोरी तुटली. पण दोन महिनेही झाले नाहीत तोच ६ डिसेंबर उजाडला. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी बाबासाहेबांची चिता रचली गेली, आणि तेथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी शोकाकुल जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. चितेसमोर नव्या जीवनाची प्रतिज्ञा घेणारा आपला समाज आहे. त्याने शोकापाशीच थांबावे काय?

बाबासाहेब थांबले नव्हते. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी बौद्ध विवाहाचा विधी पत्राने कळविला. होम नाही, सप्तपदी नाही. पाण्याने भरलेला मातीचा नवा घडा, सुताचा धागा, पांढरी वस्त्रे आणि मंगलसुत्ताचे पठण. सांगा, या विधीसाठी कोणाला सावकाराचे दार ठोठवावे लागेल? घड्याला आणि धाग्याला कर्ज लागत नाही. कर्ज लागते ते हुंड्याला, आंदणाला, डीजेला आणि पाचशे पानांच्या पंगतीला. विधी आपण बाबासाहेबांचा घेतला, थाट मात्र ज्यांनी आपल्याला वेशीबाहेर ठेवले त्यांचा घेतला.

मी शिक्षक आहे. लग्नसराई संपून शाळा उघडली की हजेरीपटावरची काही नावे गळालेली दिसतात. थोरलीच्या लग्नाचे हप्ते फेडायला धाकटी सोयाबीनच्या निंदणाला जाते. आणि आपला जिल्हा कोणता? २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होता. नापिकी, भाव, बँक, सावकार ही कारणे आहेतच. पण कर्जाच्या वहीत लेकीच्या लग्नाचेही पान असते, हे आपण सारे जाणतो. मांडवातून निघालेली वाट फिरून सरणाकडे जाऊ नये.

तथागतांच्या काळी नकुलपिता नावाचा गृहस्थ आजारी पडला. तो चिंतेने खंगत होता. त्याची पत्नी नकुलमाता म्हणाली, चिंता मनात ठेवून मरू नका. मला कापूस कातता येतो, मी मुलांना पोशीन, घर सांभाळीन, शील सोडणार नाही. त्या धीराने तो बरा झाला आणि काठी टेकीत तथागतांकडे गेला. तथागतांनी त्या स्त्रीचीच प्रशंसा केली. पाहा, तिच्या लग्नात किती पंगती उठल्या हे कोणी सांगितले नाही. संकटात ती काय बोलली, हे मात्र अडीच हजार वर्षे टिकले. आपण तर कापसाच्या मुलखातली माणसे. ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणून मयतीचा शेजारधर्म मांडवात आणा. विहाराच्या पटांगणात एकच मांडव, एकच दिवस, वस्तीतील सर्व जोडपी. मयतीच्या घरी जसे न मागता पोचते करतो, तसे प्रत्येक घराने पायलीभर गहू, शेरभर तुरीची डाळ द्यावी. वधूचे वय १८ आणि वराचे २१ पूर्ण झाले की नाही हे आधी तपासावे आणि ग्रामपंचायतीत विवाहनोंदणी करावी. सामूहिक विवाहाच्या शासकीय योजनेला ‘कन्यादान’ असे नाव दिले गेले. मदत अवश्य घ्या, पण तो शब्द घरात आणू नका. कन्या ही दानाची वस्तू नव्हे. पतीने पत्नीचा सन्मान करावा आणि घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा, असे तथागतांनी सिगालाला सांगितले आहे.

शेवटचे आणि महत्त्वाचे. सामुदायिक विवाह म्हणजे गरिबांचे लग्न, असा समज झाला तर सारे फुकट जाईल. मास्तराचा, तलाठ्याचा, साहेबाचा मुलगा त्याच मांडवात, शेतमजुराच्या मुलाशेजारी उभा राहिला पाहिजे. मयतीच्या पटांगणात आपण शेजारी बसतोच ना? मग मांडवात शेजारी उभे राहायला लाज कसली?

भवतु सब्ब मंगलम्! जय भीम!