एक जूनवाले आणि सोळा अधिक

यंदा चिखलीच्या एका पालक मेळाव्यात एका समुपदेशक वक्त्याने ठणकावून सांगितलं, की आज मोबाईलवर गोळ्या झाडणारा पोरगा उद्या खरी बंदूक हातात घेईल. टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी गेमच्या धंद्यात नोकरी करणारा पुण्याचा एक तरुण मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, प्रत्येक गेमवर वय लिहिलेलं असतं. आईबाप वाचत नाहीत, त्याला कंपनी काय करणार?" या वाक्याला टाळ्या नव्हत्या, पण ते पहिल्यापेक्षा जास्त लबाड आहे. मला दोघांशीही भांडायचं आहे.

आधी वक्ते. त्यांना उत्तर देणारी बाई आमच्याच बुलढाण्यात होऊन गेली. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी होऊन काळ्या पाण्यावर आली. गुन्हा एका बाईचा, पण वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने समस्त बायकांचं चारित्र्य धुऊन काढायला घेतलं. ताराबाईंना याची चीड आली आणि १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' पुण्यात छापून आलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. तिच्यावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले मात्र 'सत्सार'मध्ये तिच्या बाजूने उभे राहिले. दुसरं पुस्तक तिच्या नावावर नाही. पहिलंही लोक विसरले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा बाहेर काढलं. आज व्याख्यानात तिचं नाव घेणारे जिल्ह्यात रगड आहेत. पुस्तक वाचलेले किती, ते विचारू नये.

मला तिचा राग आवडतो, पण त्याहून तिची रीत आवडते. बायकांवर ठेवलेला एकेक आळ ती हातात घेते आणि विचारते, हा दुर्गुण पुरुषात नाही का? कपटी कोण, चंचल कोण, व्यसनी कोण? आरोपांची यादी आरोप करणाऱ्याच्याच अंगणात नेऊन ठेवते. दुसरी गोष्ट तिने अशी हेरली, की घरात ज्याला तोंड नसतं त्याच्या माथी साऱ्या काळाचं पाप मारायला समाज कायम टपलेला असतो. तेव्हा असं माणूस म्हणजे सुरतेची ती विधवा होती. आज तो आठवीतला पोरगा आहे, ज्याच्या एका उचापतीवर चार दिवस बातम्या चालतात आणि मग जिल्हाभरच्या पोरांचे फोन हिसकावले जातात.

तिची रीत इथे लावून पाहू. पोरगं खेळात हिंसा बघतं. मग कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर अपघातातल्या मृतदेहाचे फोटो कोण टाकतं? पोरगं रात्री जागतं. बाप रील बघत किती वाजता झोपतो? पोरगं पैसे उडवतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला, तो काय आठवीतल्या पोरांच्या रमीमुळे? त्याच्या महिनाभर आधी राज्याचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात बसून फोनवर पत्ते खेळत असल्याचा आरोप झाला, व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेली जाहिरात बंद करत होतो, असं ते म्हणाले. खरं-खोटं त्यांना ठाऊक. पुढे त्यांच्याकडून कृषी खातं गेलं आणि मिळालं ते क्रीडा व युवक कल्याण! असा विनोद मला रचूनही जमला नसता.

आणि मोबाईल खेळांवरच्या ज्या बंदीचे दाखले मेळाव्यात वक्ते देत होते, ती हिंसेवरची नव्हतीच. २ सप्टेंबर २०२० ला पबजीसह ११८ ॲप बंद झाली, ती देशाचं सार्वभौमत्व आणि सुरक्षा यांचं कारण देऊन. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेलं, तेही त्याच कारणाने. चीनशी भांडण नसतं तर कोणाला त्या बंदुका दिसल्या नसत्या. मधल्या काळात, जुलै २०२१ मध्ये, पबजीच भारतीय नाव लावून बीजीएमआय म्हणून परत आलं. आता गोळी लागल्यावर रक्त हिरवं निघतं आणि माणूस 'किल' होत नाही, 'फिनिश' होतो. एवढ्यावर संस्कृती वाचली म्हणायचं.

आता पुण्याचा तरुण. वय लिहिलेलं असतं, खरं आहे. ते कोण लिहितं? गेम बनवणारा एक प्रश्नावली भरतो. रक्त दिसतं का, शिवी आहे का, जुगार आहे का? उत्तरं दिली की यंत्र देशोदेशीचं वय काढून देतं. गुगलच्या दुकानात ही पद्धत २०१५ पासून आहे. अमेरिकेत गेमच्या धंद्याने १९९४ साली स्वतःचं मंडळ काढलं, तेसुद्धा सिनेटच्या सुनावणीत धुतलं गेल्यावर. आपल्याकडे सिनेमाला १९५२ पासूनचा कायदा आहे, २०२३ मध्ये त्यात सात, तेरा आणि सोळा अशा पायऱ्याही आल्या. गेमसाठी असं मंडळ नाही. म्हणजे जगातलं एक सर्वसाधारण वय आमच्या जळगाव जामोदच्या पोराला लागू होतं, आणि तेही विकणाऱ्याच्या तोंडचं.

बरं, वय लिहिलं. तपासणार कोण? आमच्या भागात पन्नाशी ओलांडलेल्या दहा जणांचे दाखले काढून बघा, निम्म्यांची जन्मतारीख एक जून निघेल. नाव घालताना मास्तरांनी जी टाकली ती. पुढे पोरीचं लग्न उरकायचं तर तिचं वय वाढवायचं, नोकरीसाठी कमी करायचं. आकडा कागदाला पाहिजे म्हणून असतो, हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. अशा गावात स्क्रीनवर 'जन्मतारीख टाका' म्हणून थांबणं म्हणजे चोराला तुझं नाव काय म्हणून विचारणं. आणि फोन तर बापाचाच असतो, खातं मोबाईलच्या दुकानातल्या पोराने उघडून दिलेलं असतं.

नांदुऱ्याकडचे एक शेतकरी मला सांगत होते, "पोरगं म्हने बाबा, मोबाईलवर आकडा येईन तो सांगजा. म्या सांगतला. मले काय मालूम, कायचा हाय?" तो आकडा म्हणजे पालकाची संमती. अठराखालच्या खेळाडूने पालकाचा नंबर द्यायचा, त्यावर ओटीपी येणार, ही बीजीएमआयची सोय. शिवाय अठराखालच्यांना दिवसाला तीन तास खेळ आणि दिवसाला सात हजार रुपये खर्चाची मर्यादा. सात हजार, दिवसाला! २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि बाजार समितीत तोही पदरात पडत नव्हता. बंदुकीला सोनेरी रंग देण्यासाठी पोराने दिवसाला क्विंटलभराहून जास्त सोयाबीन उडवलं तरी कंपनीच्या लेखी तो मर्यादेत. पैशांच्या खेळांवरच्या बंदीच्या कायद्यात हे येत नाही, कारण ही पैज नव्हे, खरेदी आहे. वयाच्या शिक्क्यावर रक्ताची चौकशी ठळक. या खिशाची ठळक नाही.

इथवर आल्यावर शिक्का हा निव्वळ देखावा आहे, तो फेकून द्या, असं लिहून मोकळं होता आलं असतं. लेख तिकडेच चालला होता. अडवलं आमच्या गल्लीतल्या नववीच्या पोरीने. धाकटा भाऊ दुसरीत. तो ओट्यावर बसून मोठ्या पोरांच्या चौकडीत घुसलेला, "रिव्हाइव्ह दे ना बे" म्हणून ओरडत होता. तिने फोन काढून घेतला. त्याने बोंब ठोकली, आजी मध्ये पडली, "खेयू दे वं त्याले, पोरगं हाय." पोरीने स्क्रीनवरचा 'सोळा अधिक' हा आकडा आजीपुढे धरला, "हे पाय, इथं लिवलं हाय. याले चालत नाय." आजीला अक्षर लागत नाही, पण लिहिलेलं आहे म्हटल्यावर ती गप्प झाली.

मुलग्याला नाही म्हणायचा अधिकार आमच्या घरांत बहिणीला नसतो, पुष्कळदा आईलाही नसतो. तिच्या शब्दाला वजन यायला तिसऱ्या कोणाचं तरी लिहिलेलं लागतं. बापाला तो आकडा नकोच आहे, त्याच्याकडे हात आहे. आकडा लागतो तो ज्याच्याकडे हात नाही त्याला. ताराबाईंच्या जिल्ह्यात हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं त्या वक्त्यांच्या, कारण मेळाव्याला समोर बसलेल्या बहुतेक आयाच होत्या.

तेव्हा शिक्का हवा. पण तो सिनेमासारखा बाहेरच्या मंडळाने दिलेला हवा, मराठीत हवा, आणि वयाच्या शेजारी खेळात पैसे कसे व किती मागितले जातात तेही तितक्याच मोठ्या अक्षरात हवं. खोटं लिहिलं तर दंड कंपनीला. हे झाल्याशिवाय 'आईबाप वाचत नाहीत' म्हणायचा हक्क त्या तरुणाला नाही.

बाकी उरतं गावाचं काम. यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठराखालच्या सगळ्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगलीतल्या मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला. दीड तास पोरांनी अभ्यासाला बसायचं आणि मोठ्यांचेही टीव्ही, मोबाईल बंद. बान्सीची तळमळ मला कळते, पण तिथे नियम पोराला आणि सूट बापाला. वडगावचा भोंगा ताराबाईंच्या कसोटीला उतरतो.

येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. पोरांच्या मोबाईलचा विषय निघाला तर ठरावात 'घरातील सर्व जण' एवढे शब्द घालून घ्या. सभेला आयांना आणि नववी-दहावीच्या पोरींना बोलवा, आणि त्यांना आधी बोलू द्या.