प्रयोगांतील उंदीर : जाति कीं व्यक्ति?

न्यायशास्त्रांत जाति आणि व्यक्ति यांचा भेद प्रसिद्ध आहे. गोत्व ही जाति, आणि समोर उभी असलेली ही गाय ही व्यक्ति. प्रयोगशाळेंतील उंदराविषयीं हा भेद करण्याची गरज पुष्कळ काळ कोणास वाटली नाहीं. कारण तेथें व्यक्ति उरूंच नये अशी तजवीज मनुष्यानें बुद्ध्याच केली होती. क्लॅरेन्स कुक लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९०९ सालीं सख्ख्या भावाबहिणींच्या संयोगानें उंदरांचा एक शुद्ध वंश तयार करण्यास आरंभ केला. असा संयोग वीस पिढ्या चालला म्हणजे त्या वंशांतील सर्व प्राणी जुळ्या भावंडांप्रमाणें जवळजवळ एकरूप होतात. पुढें १९२९ सालीं याच गृहस्थानें मेन संस्थानांतील बार हार्बर येथें जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. रसायनशास्त्रज्ञाला शुद्ध द्रव्य हवें, तसा रोगसंशोधकाला शुद्ध उंदीर हवा होता.

परंतु एका वंशाचे हजार उंदीर तपासणें म्हणजे बव्हंशीं एकच उंदीर हजार वेळां तपासणें होय. मनुष्यजाति अशी एकरूप नाहीं. नेहमींच्या शुद्ध वंशांत इबोला ज्वराचें रक्तस्रावी रूप उमटत नसे; २०१४ सालीं आठ वंशांच्या मिश्रणांतून निघालेल्या उंदरांवर तोच प्रयोग झाला, तेव्हां कित्येक रक्तस्राव होऊन मेले, कित्येक रक्तस्रावावांचूनच मेले, आणि कित्येक थोडे कृश होऊन पूर्ववत् झाले. या आठांपैकीं पांच वंश प्रयोगशाळेंतले, तर तीन रानटी उंदरांपासून काढलेले आहेत. त्याच आठांपासून निघालेल्या दुसऱ्या एका समुदायांत जवळच्या नात्यांतील संयोग कटाक्षानें टाळतात. त्यामुळें त्यांतील प्रत्येक उंदीर इतर सर्वांहून निराळा असतो.

व्यसनाच्या बाबतींत हा निराळेपणा विशेष बोलका आहे. सी५७ वंशाचे उंदीर पाण्याहून मद्यार्कमिश्रित पाणी आवडीनें पितात आणि डी. बी. ए. वंशाचे त्याला सहसा तोंड लावीत नाहींत, हें १९५९ सालींच दिसून आलें होतें. आतां विविधवंशी उंदराच्या गळ्याच्या शिरेंत नळी बसवून, दांडी दाबली कीं कोकेन मिळेल अशी योजना करतात. कोणी त्या दांडीस फारसा शिवत नाहीं. कोणी तिच्यापासून हलत नाहीं. मोह एकच, पण त्याचें वजन प्रत्येकास निराळें. आपण कधीं प्याल्यास शिवलों नाहीं म्हणून संयमाची फुशारकी मारणाऱ्या सज्जनांनीं त्या डी. बी. ए. वंशाच्या उंदराचें अंमळ स्मरण ठेवावें! व्यसनी मनुष्याचा न्याय करतांना त्याचा पिंड पाहावा, हें या उंदरांनीं पटवून दिलें आहे.

आमची शंका येथेंच सुरू होते. एकरूप उंदीर मारतांना मनाचें एक समाधान असे : हा गेला तरी अगदीं असाच दुसरा उद्यां जन्मेल, जाति राहते, मग व्यक्तीचा शोक कशाला? नव्या उंदराच्या बाबतींत हें समाधान लटकें पडतें. तो मेला म्हणजे तो विशिष्ट पिंड पुनः होणें नाहीं. त्याचें वेगळेपण आपण मोलाचें मानतों, त्यावरून मनुष्याविषयीं करुणा शिकतों, आणि ती करुणा त्याच्या पिंजऱ्याच्या दाराशीं थांबवितों. कांटनें मनुष्यास केवळ साधन मानण्यास मनाई केली ती त्याच्या विवेकशक्तीमुळें. उंदीर त्या व्याख्येंत बसत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु दुःख भोगण्यास विवेक लागत नाहीं.

हे प्रयोग बंद करावे असें आमचें म्हणणें नाहीं. इबोलानें मरणाऱ्या रोग्याच्या उशाशीं उभें राहून तसें म्हणण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. मात्र ज्वर आणि व्यसन यांस एका मापानें मोजूं नये. ज्वराशीं प्राण्यांचा संबंध मनुष्याच्या खटपटीवांचूनही येतो. कोकेनची ओढ उंदराला मनुष्यानेंच लावावी लागते. तेव्हां ती लावणाऱ्यानें आपल्या प्रयोजनाचा हिशेब अधिक कसून द्यावा. प्राण्यांची संख्या शक्य तितकी कमी करावी, असें रसेल आणि बर्च यांनीं १९५९ सालीं सांगितलें. पण विविधवंशी उंदरांतून एखादा आनुवंशिक घटक हुडकण्यास बहुधा शेंकडों उंदीर लागतात. पूर्वीं नोंदवहींत वंशाचें नांव लिहिलें कीं भागत असे. आतां त्या प्रत्येकाची आनुवंशिक तपासणी वेगळी करून त्याची नोंद वेगळी ठेवावी लागते.