उपपद आणि नीती

मारेगावच्या कापूसपट्ट्यातील पदवीचा विद्यार्थी इंग्रजी निबंधात ‘व्यापारी आला, व्यापाऱ्याने भाव पाडला’ एवढेच लिहितो. मराठीत उपपद नाही, म्हणून त्यास काही उणे वाटत नाही. इंग्रजीत पहिल्या व्यापाऱ्यापूर्वी ‘अ’ हवे, दुसऱ्यापूर्वी ‘द’. दुसरे चुकले तर व्यापारी दोन होतात आणि दोष भलत्याच्याच माथी जातो.

आमच्या अभ्यासपुस्तिका येथे सुट्या वाक्यांतील गाळलेल्या जागा भरावयास लावतात. पण व्यापारी वाचकास आधी ठाऊक झाला की नाही, हे सुटे वाक्य कसे सांगणार? दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले तेव्हा वाचकाच्या मुखी भाषा होतीच. नियम मागाहून आला तरी चालले. परभाषेत लिहिणारास ती सोय नाही. उपपद योजणे म्हणजे आपणांस ठाऊक ते समोरच्यास ठाऊक आहे काय, याचा विचार करणे. आणि हा विचार, माझ्या मते, व्याकरणाइतकाच नीतीचा आहे. यास्तव पाठ रचणाराने विद्यार्थ्याचाच सबंध परिच्छेद घ्यावा, तो सोबत्यास वाचावयास द्यावा, आणि ‘कोणता व्यापारी?’ असे त्यास विचारू द्यावे. तपासनिसाची गैरसोय होईल, होवो. वर्धा नदीच्या नावापूर्वीचे ‘द’ मात्र असे विचारून उमगणार नाही. ते पाठच केले पाहिजे.